दप्तर लिहिणारा

पंढरपुराहून उत्तरेस टेंभुर्णीच्या वाटेनें निघालें म्हणजे करकंब हें गांव लागतें. भीमेच्या खोऱ्यांतील अशा मोठ्या गांवाचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे इतिहासकार सामान्यतः देवळें, वाडे आणि वतनदारांच्या वंशावळी यांकडे वळतो. परंतु गांवाची खरी हकीकत ज्या एका ठिकाणीं पिढ्यान् पिढ्या सांठत आली, तें ठिकाण म्हणजे गांवची चावडी, आणि चावडींतहि कापडी रुमालांत करकचून बांधलेलें दप्तर. कोणतें रान काळें आणि कोणतें माळाचें, विहीर कोणाच्या बांधांत पडली, कोणत्या सालीं पाऊस न पडल्यामुळें वसूल तहकूब राहिला, कोणतें कूळ परागंदा झालें, या गोष्टींचा ठाव त्या दप्तरावांचून लागावयाचा नाहीं. ज्यानें तें लिहिलें त्या माणसाविषयीं मात्र लोकांच्या मनांत दोनच भावना आढळत. एक भीतीची आणि दुसरी तुच्छतेची. भीति अशासाठीं, कीं लेखणीच्या एका फरकाट्यानें शेत इकडचें तिकडे होई. आणि तुच्छता अशासाठीं, कीं लिहिणारा म्हणजे दुसऱ्यानें केलेल्या कामाची नुसती टीप ठेवणारा, स्वतः कांहीं न करणारा, असें सर्वांनींच धरलेलें असे.

आज हाच समज नव्या रूपानें पुढें आला आहे. यंत्रें, औषधें, संगणक यांची माहिती सामान्य माणसास कळेल अशा भाषेंत लिहून देणें हा एक स्वतंत्र धंदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उदयास आला, आणि पुण्यासारख्या शहरांतून त्यावर कित्येक मराठी कुटुंबें चालूं लागलीं. या लेखकांस तांत्रिक लेखक म्हणतात. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें मजकूर रचणारें यंत्र सर्वांस खुलें झालें. तेव्हांपासून या लेखकांची गरज काय, असा प्रश्न उघड विचारला जाऊं लागला. कारण पानेंच्या पानें मजकूर यंत्रहि देतें, आणि तो जवळजवळ फुकट देतें. प्रश्न नवा वाटतो खरा. पण करकंबच्या मुलखानें तो एकाहून अधिक वेळां ऐकला आहे, आणि त्याचें उत्तर चुकल्यास काय होतें हेंहि पाहिलें आहे.

दप्तर लिहिण्याची विद्या या भागांत फार जुनी. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखांत ज्या हेमाद्रि पंडिताचें नांव येतें, त्या यादवांच्या प्रधानाच्या नांवावर 'मेस्तक' म्हणून एक टिपण चालत आलें आहे. पत्रें कशीं लिहावींत, हिशेब कसे मांडावेत, कारभारांतील रीतभात कोणती, असा त्याचा विषय. म्हणजे काम कसें करावें हें सांगणारें लेखन मराठींत आजकालचें नव्हे. मोडी लिपि हेमाडपंतानें लंकेहून आणली ही दंतकथा सर्वांस ठाऊक आहे. ती खरी धरण्याचें कारण नाहीं. पण लोकांनीं त्या लिपीचें जनकत्व एखाद्या कवीकडे न देतां कारभाऱ्याकडे दिलें, यांत त्यांची समज दिसते.

पेशवाईंत, आणि पुढें इंग्रजी अंमलांतहि, गांवचें लेखन कुलकर्ण्याकडे वतनानें असे. बोरू, शाई आणि मांडीवर धरलेला कागद एवढींच त्याचीं हत्यारें. परंतु त्याचें खरें काम बोरू हातीं घेण्यापूर्वींच झालेलें असे. पीक उभें असतांना तो पाटलाबरोबर शिवारांत फिरे, कोठें काय पेरलें आणि काय हातीं लागेल हें नजरेनें पाही, बांधावर उभ्या असलेल्या कुणब्यास चार प्रश्न विचारी. शिवेचा तंटा पडल्यास तर त्याहि पलीकडे जाऊन गांवच्या महारास विचारावें लागे, कारण दगडधोंड्यांसकट शीव पाठ असलेला माणूस तोच, आणि अशा तंट्यांत त्याचा शब्द प्रमाण धरीत. म्हणजे कागदावर उतरे तें ज्ञान अनेकांचें असे. कुलकर्ण्याच्या पदरीं त्याचें श्रेय फारसें पडलें नाहीं, आणि ज्या महाराच्या स्मरणावर तें उभें असे त्याच्या पदरीं तर मुळींच पडलें नाहीं.

येथें दुसरी बाजू सांगणें प्राप्त आहे. अक्षर ज्यांच्या हातीं होतें त्यांनीं तें न जाणणाऱ्यास पुष्कळदां लुबाडलें. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत कुलकर्ण्यांच्या कारवायांवर जे कोरडे ओढले, ते कल्पनेंतून आलेले नव्हते. वतन एका घराण्याचें, विद्या एका वर्णाची, आणि ज्याचा हिशेब लिहावयाचा त्यास तो वाचतां येत नाहीं, अशी तिहेरी गांठ पडल्यावर अन्याय न होता तरच नवल. पुढें जेव्हां या लिहिणाऱ्यांस दूर करण्यांत आलें तेव्हां त्यांच्यासाठीं फारसें कोणी हळहळलें नाहीं, याचें कारणहि हेंच. लिहिणाऱ्याच्या अवमूल्यनाची कथा सांगतांना तो सर्वस्वीं निर्दोष होता असा देखावा करण्यांत अर्थ नाहीं.

आतां त्या कथेंतील पहिला मोठा प्रसंग. करकंबहून टेंभुर्णीस जाऊन पुण्याच्या रस्त्यास लागलें आणि भीमा ओलांडली कीं इंदापूर तालुका लागतो. १८२८ च्या सुमारास या तालुक्यांत प्रिंगल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें जमिनीची नवी मोजणी आणि प्रतबंदी आरंभिली. प्रिंगल हुषार होता. विलायतेंत माल्थससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकलेला होता. शेताच्या उत्पन्नांतून खर्च वजा जातां जें निव्वळ उरेल त्यांतील शेंकडा ५५ भाग सरकारचा, असा त्याचा सिद्धांत. आणि तें निव्वळ काढण्यासाठीं त्यानें जमिनीची प्रत, पीक, खर्च आणि बाजारभाव यांचीं इतकीं कोष्टकें मांडलीं, कीं नुसत्या कागदावर पाहणाऱ्यास त्यांत कोठें बोट ठेवावयास जागा सांपडूं नये. पण कोष्टकांत भरलेला मजकूरच खोटा होता. शेतावर जाऊन मोजणाऱ्या आणि प्रत ठरविणाऱ्या खालच्या कामगारांवर पुरेशी देखरेख नव्हती. कोणी लांच घेऊन चांगली जमीन हलकी लिहिली, कोणी हलकी जमीन चांगली लिहिली, आणि कोणी शेत न पाहतांच लिहिलें. १८३० सालीं नवे दर लागू झाले. त्यांत धान्याचे भाव उतरले. थोड्याच वर्षांत कुणबी गांव सोडून जाऊं लागले, आणि काळीचीं रानें पड पडलीं.

१८३५ सालीं ही विस्कटलेली घडी बसविण्याचें काम गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांकडे आलें. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत बाजूस ठेवला आणि शेताकडे तोंड केलें. जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. पहिल्या प्रतीस मातीची खोली पावणेदोन हात हवी. प्रतबंदी करणाऱ्या कारकुनानें शेताची आकृति काढावी, तिचे सारखे भाग पाडावे, प्रत्येक भागांत माती उकरून खोली पाहावी, आणि चुनखड, वाळसर, उतार, उपळट असा जो दोष आढळेल त्याची ठराविक खूण त्या त्या चौकटींत मांडून एका दोषास एक प्रत उतरवावी. शेवटीं सर्व भागांची सरासरी काढली कीं शेताची आणेवारी निघाली. वरिष्ठानें यांतील कांहीं शेतें पुन्हां स्वतः जाऊन तपासावीं. हे नियम पुढें १८४७ सालीं गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या सह्यांनीं 'जॉइंट रिपोर्ट' या नांवानें मांडले गेले, आणि मुंबई इलाख्याची जमीनमोजणी त्यांवर उभी राहिली.

हा अहवाल वाचतांना त्याच्या साधेपणाचें आश्चर्य वाटतें. काम करणारा कोण आहे, त्याला काय येतें, तो कोठें चुकेल, कोठें त्याला मोह होईल, याचा विचार करून एकेक नियम बसविलेला आहे. दोषांचीं नांवें कुणब्याच्या तोंडचीं आहेत, कारण ज्यास शेताची प्रत मान्य व्हावयाची त्यास ती कळलीहि पाहिजे. प्रिंगलच्या कागदांपेक्षां या कागदांतील विद्वत्ता कमी आहे. पण शेत अधिक आहे. तरीहि सह्या तीन साहेबांच्या. भीमाकांठच्या उन्हांत माती उकरून पावणेदोन हात मोजणारे जे शेंकडों कारकून, त्यांचा उल्लेख अहवालांत एक वर्ग म्हणून येतो, माणसें म्हणून येत नाहीं.

तसाच प्रकार कोशाचा. १८३१ सालीं प्रसिद्ध झालेला मराठी–इंग्रजी कोश आज सर्वतोमुखीं 'मोल्सवर्थ' या एका नांवानें ओळखला जातो, आणि मोल्सवर्थची योग्यता मोठी होती यांत शंका नाहीं. परंतु त्यापूर्वीं दोन वर्षें, १८२९ सालीं, 'महाराष्ट्र भाषेचा कोश' ज्यांनीं सिद्ध केला ते जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आणि त्यांचे सहकारी शास्त्री यांच्या श्रमांवर तो इंग्रजी कोश उभा होता. नांगराच्या भागांचीं, मोटेच्या दोरांचीं, विणकराच्या मागाचीं नांवें गांवोगांवच्या माणसांकडून गोळा करून त्यांचा नेमका अर्थ लिहून ठेवणें हें काम किती जिकिरीचें, हें कोश उलगडून कोणत्याहि धंद्याचा एक शब्द काढून पाहावा म्हणजे कळतें. या शास्त्र्यांस निदान नांवें तरी उरलीं आहेत. त्यांना तो शब्द ज्या तेल्यानें, साळ्यानें किंवा कुणब्यानें सांगितला त्याला तेंहि नाहीं.

छापखाना आला तेव्हां पोथ्या नकलणाऱ्यांचा धंदा बसला. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाछापावर पंचांग छापलें, आणि पुढील पन्नास-साठ वर्षांत हातानें नकललेली पोथी दुर्मिळ झाली. पाठ, कंबर आणि मान मोडल्याची तक्रार पोथीच्या शेवटीं लिहून ठेवणारे ते नकलकार गेले, यांत फारसें वाईट झालें असें म्हणवत नाहीं. नकल करणें हें हाताचें काम होतें आणि तें यंत्रानें अधिक चांगलें केलें. घोटाळा होतो तो पुढेंच. एकदां यंत्रानें हाताचें काम घेतलें म्हणजे डोळ्याचें आणि कानाचें कामहि त्यानेंच घेतलें, असा समज आपोआप पसरतो.

कानाच्या कामाची एक गोष्ट या जिल्ह्याच्या इतिहासांत नमूद आहे. १८७५ सालीं सुपें येथें सुरू झालेल्या दंग्यांत पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर जाऊन खतें आणि वह्या जाळल्या. सावकाराच्या जिवावर ते सहसा उठले नाहींत. त्यांचा रोख कागदावर होता. आपण ज्यावर निशाणी केली त्यांत काय लिहिलें आहे हें त्यांना कधींच कळलेलें नव्हतें. या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि तो ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला त्यांत सोलापूर एक होता. त्या कायद्यानें गांवोगांव निबंधक नेमण्याची तजवीज केली. शेतकऱ्याचा दस्तऐवज निबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा आणि सही होण्यापूर्वीं तो त्यास मोठ्यानें वाचून दाखविला जावा, असें त्यांत ठरलें. कायद्याचे बाकीचे परिणाम कसे झाले हा वादाचा विषय आहे. पण लिहिणाऱ्याचें काम कागद भरल्यानें संपत नाहीं, ज्याच्यासाठीं लिहिलें त्यास तें कळलें तेव्हांच संपतें, ही गोष्ट येथें प्रथमच कायद्याच्या भाषेंत उतरली. त्या वाचून दाखविण्याची फी मात्र नाममात्र असे. आणि पुढें कागदावर 'वाचून दाखविलें' एवढे शब्द लिहिले म्हणजे वाचून दाखविलें, असा सोयीचा अर्थ किती ठिकाणीं झाला असेल याची कल्पना कचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांस सहज येईल.

विसाव्या शतकांत सोलापूरच्या अवर्षणग्रस्त मुलखास लेखनाचा आणखी एक उपकार घडला. १९३३ सालीं सोलापूर येथें कोरडवाहू शेतीचें संशोधनकेंद्र निघालें. या कामांतील अग्रणी एन्. व्ही. कानिटकर यांनीं आधीं मांजरीस आणि मग सोलापुरास अनेक वर्षें प्रयोग करून जी पद्धति बसविली ती पुढें 'मुंबई कोरडवाहू पद्धति' म्हणून देशभर गाजली. बांध घालून पाणी अडवावें, वारंवार कुळवून ओल जपावी, ज्वारीच्या दोन ओळींत अंतर अधिक ठेवावें, बी कमी वापरावें, असें तिचें सार. १९४४ सालीं त्यांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ इंग्रजींत निघाला. आतां विचार करण्यासारखी गोष्ट अशी, कीं पिढ्यान् पिढ्या बी दाट पेरणाऱ्या शेतकऱ्यास, पाऊस कमी असतांना बीहि कमी पेर, असें सांगणें म्हणजे त्याच्या आतड्यावर हात ठेवण्यासारखें आहे. तें त्याला पटेल अशा शब्दांत लिहिणें हें प्रयोगाच्या तोडीचेंच काम. मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या 'मालदांडी ३५–१' या ज्वारीचें नांव पंढरपूर तालुक्यांतील लहान मूलहि सांगेल. कानिटकरांचें नांव जाणणारा मनुष्य शोधावा लागेल. आणि त्यांच्या पद्धतीचीं पत्रकें ज्यांनीं सोप्या मराठींत लिहिलीं त्यांचीं नांवें पत्रकांवर छापण्याची तर चालच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५० सालच्या कायद्यानें कुलकर्णी वतनें रद्द झालीं. वतनाबरोबर त्यांतील जुलूम गेला, हें उत्तम झालें. दप्तर पगारी तलाठ्याकडे आलें. मोडी शाळांतून गेली, आणि कांहीं वर्षांतच जुने रुमाल उघडले तरी वाचणारा मिळेनासा झाला. तलाठी बदलीचा मनुष्य. एकाकडे अनेक गांवें. शिवार पायाखालीं घालण्यास त्याला सवड किती, हा प्रश्नच होता. त्यानंतर संगणक आला. सातबारा संगणकांत भरला गेला, आणि १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. तलाठ्याच्या मागें हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याचा त्रास वांचला, हा लाभ लहान नव्हे.

परंतु हस्तलिखित उतारे संगणकांत भरतांना नांवें चुकलीं, क्षेत्रें चुकलीं, कोठें एखादा वारसच गळला. हा मेळ बसविण्यासाठीं शेवटीं काय करावें लागलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. २०१७ सालीं सरकारनें गांवोगांव 'चावडीवाचन' करविलें. संगणकांतील उतारे गांवकऱ्यांस चावडींत मोठ्यानें वाचून दाखवावे, आणि ज्याची चूक असेल त्यानें तेथल्या तेथें हरकत घ्यावी, अशी ती योजना. १८७९ च्या कायद्यांतील तीच गोष्ट एकशें अडतीस वर्षांनीं संगणकाच्या युगांत पुन्हां करावी लागली. त्यांतूनहि राहिलेल्या चुकांसाठीं जमीन महसूल संहितेचें कलम १५५ आहे. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचें हें कलम. त्याखालीं अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यास पुरावा म्हणून बहुधा जुना, हातानें लिहिलेला उताराच जोडावा लागतो.

मोडीचेंहि तसेंच झालें. २०२३ सालीं मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि त्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेखागारांत शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचे रुमाल सुटले. ते बहुतेक मोडींत. मग मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या विद्येस कोणी कवडीची किंमत देत नव्हतें, ती जाणणारे थोडे लोक एकाएकीं सर्वांस हवेसे झाले. एकेका कुटुंबाचें भवितव्य कोण्या विस्मृत कुलकर्ण्यानें घाईघाईनें ओढलेल्या एका शब्दावर येऊन ठेपलें.

मजकूर रचणाऱ्या यंत्राकडे आतां या पार्श्वभूमीवर पाहावें. हें यंत्र पूर्वीं माणसांनीं लिहिलेला अफाट मजकूर वाचून तयार झालेलें आहे, आणि कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द येणें संभवनीय, या हिशेबानें तें वाक्यें जुळवितें. त्या अफाट मजकुरांत हजारों अनाम तांत्रिक लेखकांनीं लिहिलेल्या माहितीपुस्तिकाहि आल्या. म्हणजे ज्यांच्या शिदोरीवर यंत्र पोसलें त्यांनाच आतां, तुमची गरज नाहीं, असें सांगण्यांत येत आहे. कित्येक ठिकाणीं लेखकाचें काम यंत्रानें दिलेला मजकूर वाचून दुरुस्त करण्यापुरतें उरलें आहे, आणि दुरुस्तीचें काम हलकें म्हणून त्याचें मोलहि हलकें धरलें जातें. वस्तुतः सुबक भाषेंत लिहिलेली चूक शोधून काढणें हें ओबडधोबड भाषेंतील चूक शोधण्यापेक्षां कठीण. प्रिंगलच्या कोष्टकांतील खोटेपणा शेतावर गेल्यावांचून कोणास दिसला नाहीं, याचें कारण कोष्टकें सुबक होतीं.

यंत्र मराठींत लिहितें. चांगलें लिहितें असेंहि पुष्कळदां म्हणावें लागेल. २०२५ सालीं महाराष्ट्र शासनानें शेतीसाठीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें स्वतंत्र धोरण मंजूर केलें, आणि शेतकऱ्याच्या मराठी प्रश्नास मराठींत उत्तर देणारीं साधनें त्याच्या खिशांतील दूरध्वनीवर आलीं. करकंबच्या शेतकऱ्यास रात्रीं दहा वाजतां डाळिंबावरील तेल्या रोगाविषयीं विचारतां यावें, ही सोय तुच्छ मानण्याजोगी नाहीं. शेतकी अधिकारी रात्रीं दहा वाजतां भेटत नाहीं. प्रश्न एवढाच, कीं त्या उत्तराच्या मागें शेतावर जाऊन आलेला कोणी आहे काय.

कीटकनाशकाची बाटली घ्या. १९७१ च्या नियमांप्रमाणें तिजवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा विषारीपणा दाखविणारा त्रिकोण असावा लागतो, आणि सोबत प्रादेशिक भाषेंतहि माहितीपत्रक द्यावें लागतें. पत्रक बारीक अक्षरांत, अनेक घड्या घातलेलें. पुष्कळदां बाटली पाहतो तो मालक, आणि पाठीवर पंप घेतो तो मजूर. मजुराच्या हातीं पत्रक जातच नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्या बाटल्यांवरहि खुणा होत्या, पत्रकेंहि होतीं. लिहिलें गेलें होतें. वाचून दाखविलें गेलें नव्हतें. अंगभर कपडे घालणें, वाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करून न फवारणें, हीं वाक्यें यंत्र क्षणांत लिहून देईल. भर ऑक्टोबरच्या उन्हांत, डोक्याएवढ्या वाढलेल्या कापसांत, अंगभर कपडे घालून मनुष्य किती वेळ उभा राहूं शकतो, हें तेथें जाऊन पाहणारा लेखक असता तर त्यानें पत्रकांत दुसरें कांहीं लिहिलें असतें.

आणि कांहीं वेळां तर प्रश्न वाक्याचाहि नसतो, एका नांवाचा असतो. द्राक्षवेलींची वाढ आटोक्यांत ठेवण्यासाठीं क्लोरमेक्वाट क्लोराइड नांवाचें वाढरोधक महाराष्ट्रांतील बागांतून सर्रास वापरलें जात असे. परदेशीं जाणाऱ्या द्राक्षांत कोणकोणत्या रसायनांचे अवशेष तपासावयाचे याची यादी दर हंगामास निघते, बागाईतदार आणि प्रयोगशाळा तिच्यावर विसंबून असतात. २०१० च्या हंगामांत या वाढरोधकाचे अवशेष मर्यादेबाहेर आढळल्यावरून युरोपच्या बंदरांत भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. शेतकऱ्यांनीं यादी पाहूनच सर्व केलें होतें. प्रयोगशाळांनींहि यादीप्रमाणेंच तपासणी केली होती. यादींत त्या रसायनाचें नांव नव्हतें. युरोपांतील मर्यादा काय आहे आणि आपल्या बागांतून काय फवारलें जातें, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं ठाऊक असलेल्या मनुष्यानें ती एक ओळ लिहावयास हवी होती; आणि जी ओळ कोठेंच लिहिलेली नाहीं ती आधींच्या लेखनावरून जुळवून देणें कोणत्याहि यंत्रास साधणारें नव्हतें. द्राक्षाच्या बागांतून कर्ज काढून उभारलेला हंगाम त्या वर्षीं अनेकांच्या अंगावर आला.

पुढील हंगामाच्या यादींत तें नांव आलें. यादीवर लिहिणाऱ्याची सही नसते.